भाकरी आली त्या वाटेनं: माणदेश आणि जतमधले चार दिवस

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा सांगलीत शिरली. आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा आम्ही धाकट्या जावेच्या घरी दुसऱ्या मजल्यावर अडकलो होतो. चौथ्या दिवशी बोटीतून एक गाठोडं वर आलं. जुन्या इरकली लुगड्याचं फडकं, आत ज्वारीच्या कडक भाकरी आणि कागदात बांधलेली शेंगदाण्याची चटणी. बोटीतला पोरगा म्हणाला, "जत पूर्व भागातनं टेंपो आलाय." मी विचारलं, तिकडं पाऊस कसा आहे? तो म्हणाला, "टँकर चालूय की, मावशी."

मी अठ्ठावीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. 'पर्जन्यछायेचा प्रदेश' हा दोन मार्कांचा प्रश्न कितीतरी वेळा फळ्यावर लिहिला, पण माण, आटपाडी, जत हे तालुके कधी नीट फिरले नव्हते. ते फडकं धुऊन कपाटात ठेवलं होतं. निवृत्त झाल्यावर, गेल्या पौषात ते बाहेर काढलं. आपल्याकडं कुणाचं भांडं रिकामं परत देत नाहीत, म्हणून त्यात सांगलीची हळद बांधली आणि भाच्याच्या गाडीतून निघाले.

दिवस पहिला: सातारा, वर्धनगड, दहिवडी

सांगलीहून जत पूर्वेला, दोन तासांच्या वाटेवर. तरी आम्ही आधी उलटं साताऱ्याला गेलो. ढग ज्या दिशेनं येतात त्याच दिशेनं जायचं, हे मनाशी ठरवलेलं होतं.

साताऱ्याहून पंढरपूर रस्त्याला लागलं की कोरेगावपर्यंत ऊस आणि आल्याची रानं दिसतात. पुढं घाट लागतो आणि घाटाच्या अंगालाच वर्धनगड. गावातूनच वर वाट जाते, अर्ध्या तासात आपण वर्धनीमातेच्या देवळाशी असतो. तटावर उभं राहून आधी पश्चिमेला बघितलं, मग पूर्वेला. पश्चिमेला हिरवे पट्टे आणि झाडीत दडलेली गावं. पूर्वेला बोडके, माथ्यावर सपाट डोंगर, एकामागे एक, आणि मध्ये तांबूस माळ. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर त्या डोंगरांच्या कुशीत पायऱ्यांसारखे मोजता येतात. फळ्यावर खडूनं काढलेली आकृती अशी डोळ्यांसमोर उभी राहिल्यावर मला काही वेळ बोलायलाच सुचलं नाही.

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरवरच्या म्हसवडकडं पाचशेही भरत नाहीत. समुद्रावरून आलेली ओली हवा सह्याद्री चढते, थंड होते आणि ओझं तिथंच टाकते. अलीकडं उतरताना ती पुन्हा तापते. तापलेली हवा पाणी सोडत नाही, उलट रानातली ओल ओढून घेते. कृष्णा महाबळेश्वरलाच उगम पावते. म्हणजे आमच्या घरात शिरलेलं पाणी आणि इथं न पडलेलं पाणी, दोन्हीचा हिशेब त्या एकाच डोंगरावर होतो.

गडावर शेरडं राखणारे एक म्हातारबाबा होते. "कुटनं आलायसा?" विचारून झाल्यावर ते बसले. मी ढगांचं विचारलं. ते म्हणाले, "मिरगात ढग हितनं नुसतं पळत्यात. वारं असं की डोक्यावर टोपी ऱ्हात न्हाय, पर थेंब न्हाय. आमचा पाऊस तकडनं येतो." आणि काठी पूर्वेकडं केली. पुस्तकातलं मला माहीत होतं की या भागाची भिस्त परतीच्या पावसावर, उत्तरा-हस्ताच्या गडगडाटी पावसावर असते. पण अवघ्या महाराष्ट्रानं पश्चिमेकडं बघत बसावं आणि इथल्या माणसानं पूर्वेकडं, हे त्या काठीनं दाखवलं तेव्हा आतपर्यंत पोचलं. हस्त चांगला झाला तर शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, पेरायचा. नाही झाला तर वर्ष गेलं.

गड चढायचा तर सकाळी नऊच्या आत चढा. वर सावली नावालाच आहे. बूट घाला, कारण कुसळं मोज्यात शिरली की दिवसभर टोचतात.

पुसेगाव सोडून दहिवडीकडं निघालं की एका चढावर पाणलोट बदलतो. अलीकडचं पाणी येरळेतून कृष्णेला, पलीकडचं माण नदीतून भीमेला. रस्त्यावर त्याची काही खूण नाही. मी भाच्याला गाडी थांबवायला लावली. तो म्हणाला, "आत्या, इथं काहीच नाही." खरंच नव्हतं: एक हिवराचं झाड, तरवडाची पिवळी फुलं आणि वारा. तरीही मला उतरून त्या जमिनीवर उभं राहायचं होतं.

दहिवडीत रात्री एका खानावळीत हुलग्याचं माडगं मिळालं. लसूण-जिऱ्याचं, दाट, कडकडीत गरम, सोबत बाजरीची भाकरी. हुलगा कमी ओलीवर येतो, म्हणून तो या रानाचा. वाढणाऱ्या वहिनी म्हणाल्या, थंडीत दुसरं काही नको वाटतं. थंडी मात्र अनपेक्षित होती. दुपारी कपाळ तापलेलं आणि रात्री दोन चादरी पुरेनात. कोरड्या हवेत उष्णता धरून ठेवायला काही नसतं, सूर्य गेला की माळ झपाट्यानं निवतो. पौष-माघात येणार असाल तर स्वेटर आणि कानटोपी दोन्ही घ्या.

दिवस दुसरा: शिखर शिंगणापूर, म्हसवड, राजेवाडी

शंभू महादेवाच्या डोंगरावर सकाळी फारशी गर्दी नव्हती. देवळाआधी मी तळं बघितलं. मालोजीराजांनी बांधलेलं हे पुष्कर तळं नसतं तर डोंगरावरच्या यात्रेला पाणी कुठलं? चैत्रात इथं कावडी येतात. सासवडहून तेल्या भुत्याची कावड येते ती मुंगी घाटाच्या उभ्या कड्यानं वर चढवतात, माणसांची साखळी करून, दोर लावून. काठावरून खाली वाकून ती वाट बघितली आणि पोटात गोळा आला. जिथं पाण्याची इतकी वानवा, तिथल्या देवाला लोक पाणीच घेऊन येतात, तेही खांद्यावरून, कोसच्या कोस. याहून मोठा नैवेद्य या मुलखात काय असणार?

म्हसवडला बाजार होता. सिद्धनाथाचं दर्शन घेऊन बाजारात शिरलो. मेथी आणि गवार घेऊन बसलेल्या एका मावशींजवळ मी खाली बसले. बोलता बोलता छावणीचा विषय निघाला. २०१२-१३ च्या दुष्काळात त्या दोन म्हशी आणि एक गाय घेऊन माणदेशी फाउंडेशनच्या चारा छावणीत जाऊन राहिल्या होत्या. "चार महिनं तिथंच. जनावराबर माणूसबी. रात्री त्यांच्या घंट्या ऐकत झोपायचं." मी विचारलं, घर? "घरला कुलूप. म्हातारी सासू तेवढी घरी, तिला रोज डबा." त्या काळाबद्दल त्या कुरकुरल्या नाहीत. जनावरं वाचली, एवढंच दोनदा म्हणाल्या.

याच गावात १९९७ साली चेतना सिन्हा आणि इथल्या बायकांनी माणदेशी महिला सहकारी बँक सुरू केली. आधी रिझर्व्ह बँकेनं परवाना नाकारला होता, सभासद निरक्षर म्हणून. बायका लिहायला-वाचायला शिकल्या, पुन्हा गेल्या आणि व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखवू म्हणाल्या. मावशींचं खातं तिथंच आहे. शेजारच्या मोही गावच्या ललिता बाबरचं नाव त्यांनीच काढलं. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी धावलेली ही मुलगी. "आमच्या पोरी लांब चालायला भीत न्हाईत," मावशी म्हणाल्या. विहिरीपर्यंतचं अंतर इथल्या मुली लहानपणापासून चालतात, हे त्यांना वेगळं सांगावं लागलं नाही.

दुपारनंतर राजेवाडीच्या तलावावर. १८७६-७७ च्या दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून माण नदीवरच्या या तलावाचं काम सुरू झालं. आज तो सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या शिवेवर पसरला आहे, आणि त्याचं पाणी खाली आटपाडी-सांगोल्याकडं जातं. आम्ही पोचलो तेव्हा पाणी बरंच मागं हटलेलं होतं. उघड्या पडलेल्या गाळात लोकांनी हरभरा आणि कलिंगडाच्या वेली लावल्या होत्या, पाणी जसं मागं सरकेल तसं त्याच्या मागोमाग. बांधाचे दगड हातानं चाचपून बघितले. उपाशी माणसांनी घडवलेले, आणि अजून सांध्यात बोट शिरत नाही. १९७२ च्या दुष्काळातही या भागातले शेकडो तलाव, रस्ते असेच झाले. त्या अनुभवातूनच रोजगार हमी राज्यभर पसरली, आणि तिची कल्पना मांडून सुरुवातीचा प्रयोग करणारे वि. स. पागे आमच्याच जिल्ह्यातले, तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे. हे सगळं मी वर्गात कधी एका धाग्यात सांगितलं नव्हतं. आता सांगायला वर्ग नाही, याचं त्या बांधावर फार वाईट वाटलं.

मुक्काम आटपाडी. बाजारपेठेत साध्या खोल्या मिळतात. यात्रेच्या दिवसांत मात्र आधी फोन करून ठेवा.

दिवस तिसरा: आटपाडी, खरसुंडी

आटपाडी संस्थानकाळात औंधच्या पंतप्रतिनिधींकडं होती. गावाजवळच स्वतंत्रपूर आहे, १९३९ मध्ये औंधच्या राजांनी मॉरिस फ्रिडमन या पोलंडच्या अभियंत्याच्या मदतीनं वसवलेली कैद्यांची खुली वसाहत. भिंत नाही, कैदी कुटुंबासह राहून शेती करतात. आत जायला परवानगी लागते. ती आम्ही काढली नव्हती, तेव्हा रस्त्यावरूनच ती रानं पाहिली आणि पुढं निघालो. तुम्ही जाणार असाल तर आधी अर्ज करा.

वाटेत डाळिंबाच्या बागा. एका बागेत शिरलो, मालक तरुण होता. डाळिंबाला मुरमाड, हलकी जमीन चालते, पाणी साचलेलं चालत नाही. मुद्दाम पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा, पानं गाळायची, मग बहार धरायचा. "ताण आमाला शिकवायला लागत न्हाय," तो म्हणाला, "तो सोडवायचा कसा, ते अवघड." तेल्या रोगानं त्याच्या वडलांची पहिली बाग गेली होती. ही दुसरी टेंभूच्या पाण्यावर उभी आहे. कराडजवळ टेंभूला कृष्णेचं पाणी उचलायचं आणि टप्प्याटप्प्यानं चढवत डोंगरापलीकडं आणायचं, अशी ही योजना. मूळ आराखडा सुमारे ८० हजार हेक्टरांचा. ते पाणी इथवर यावं म्हणून नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर, गणपतराव देशमुख यांनी वर्षानुवर्षं आटपाडीत पाणी परिषदा भरवल्या, आणि मागणी नुसती पाण्याची नव्हती, समान वाटपाची होती: जमीन कितीही असो, कुटुंबाला पाणी मिळालं पाहिजे.

बागेच्या कडेनं जाणाऱ्या पाण्याशी मी बराच वेळ बसले. कृष्णेचंच पाणी ते. मला या योजनेबद्दल मनापासून आदर आहे. पण वाटेत जिथं जिथं हे पाणी आलंय तिथं ऊसही दिसला, आणि ते बघून जीव तुटला. इतक्या उंचीवर, इतकी वीज जाळून आणलेलं पाणी उसाच्या सरीत सोडायचं, तर शेवटच्या गावापर्यंत ते पोचणार कसं? त्या तरुणालाही हेच म्हणायचं होतं. फक्त ऊस लावणारा त्याचा चुलताच निघाला, म्हणून तो हळू बोलला.

मग खरसुंडी. सिद्धनाथाची पौषी यात्रा आणि खिलारांचा बाजार.

माळभर पांढरी जनावरं. निमुळतं लांब तोंड, मागं वळत जाऊन टोकाला तलवारीसारखी उठलेली शिंगं, घट्ट कातडी, पोटाला कुठं सैलपणा नाही. खिलार हे याच रानाचं जनावर. थोड्या चाऱ्यावर राहतं, दगडधोंड्यातून चालतं, उन्हात दम टाकत नाही. काही मालकांनी शिंगं हिंगुळानं रंगवली होती, पाठीवर झुली, गळ्यात कंडे. सौदा अजूनही रुमालाखाली बोटं धरून होतो. मी बाई माणूस जवळ उभी राहिले तर एक आजोबा अवघडले. मग म्हणाले, "बघा, बघा, तुमी काय घेणार हाय थोडंच."

बैलगाडा शर्यतींवर २०१४ ला बंदी आली आणि खोंडांचे भाव कोसळले, हे प्रत्येकानं सांगितलं. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं परवानगी दिली, मे २०२३ मध्ये घटनापीठानं कायदा उचलून धरला, तेव्हापासून बाजार पुन्हा भरू लागला. नांगराचं काम ट्रॅक्टरनं नेलं, आणि आता शर्यतीच्या नादानं खिलार टिकलंय. मला शर्यती आवडत नाहीत. पण एक खोंड हातात घेऊन उभ्या असलेल्या पोराला मी हे सांगू शकले नाही. तो त्याच्या कानामागं खाजवत होता आणि खोंड डोळे मिटून उभा होता.

रात्री भाच्याच्या मित्राच्या गावी मुक्काम. इथं मला सगळ्यात मोठं आश्चर्य भेटलं. वस्ती लहान, आणि मध्येच दुमजली, संगमरवरी पायऱ्यांचे बंगले, त्यातल्या बऱ्याच घरांना कुलपं. ही गलाईवाल्यांची घरं. खानापूर, आटपाडी, खटाव, माण या तालुक्यांतली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरली आहेत, केरळपासून दिल्ली-कोलकात्यापर्यंत. आमचे यजमान चौदाव्या वर्षी गाव सोडून कोइमतूरला गेले. सराफाच्या दुकानातली झाडलोटीची धूळ विकत घ्यायची, ती जाळून, धुऊन, तेजाबानं त्यातलं सोनं वेगळं करायचं. मातीत काही नाही असं जग ज्याला म्हणतं, त्यातून ही माणसं सोनं काढतात. ते तमिळ इतकं सहज बोलत होते की फोनवर ते कोण आणि आमच्याशी बोलणारे कोण, असं वाटावं. यात्रेला आठ दिवस येतात, चैत्रात पुन्हा. मी विचारलं, कायमचं परत यावंसं वाटतं? ते बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांच्या आई आतून म्हणाल्या, "टेंभूचं पाणी आलं तवा फोन केला हुता ह्येला. ये म्हटलं आता." पंचवीस वर्षं उशीर झाला होता.

जेवायला शेंगोळे, मटकीचं कोरड्यास, गरम भाकरीवर लोण्याचा गोळा. अंगणात शेकोटी केली. आकाशात इतके तारे मी लहानपणानंतर पाहिले नव्हते.

दिवस चौथा: जत, माडग्याळ, पूर्व भाग

भिवघाटावरून गुहागर-विजयपूर रस्त्याला लागलो. नागज-ढालगावच्या पठारावर पवनचक्क्या. जो वारा पाऊस न देता पळून जातो, तो इथं विजेच्या कामाला लावलाय.

या रस्त्यावर पेट्रोल जतलाच भरून घ्या. पूर्व भागात पंप लांब लांब आहेत, एसटी मोजक्या आहेत आणि जेवायला धाबा मिळेलच असं नाही. पाण्याची दोन मोठी कॅन गाडीत ठेवा. कुणाच्या घरी पाणी मागताना आधी कॅन दाखवली तर बरं वाटतं.

माडग्याळला मेंढ्या पाहिल्या. पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके, उंच पाय आणि पोपटाच्या चोचीसारखं फुगीर नाक. चांगल्या नराचे भाव लाखांत जातात. घोंगडी पांघरलेले एक धनगर काका मेंढरांना लेकरांच्या नावांनी हाक मारत होते. पावसाळ्याच्या तोंडाला कुठं, दिवाळीनंतर कुठं, चारा संपला की कुठं, हा त्यांचा नकाशा त्यांनी काठीनं मातीत काढून दाखवला. नद्या, खिंडी, ज्यांच्या रानात मेंढरं बसवायची त्या शेतकऱ्यांची गावं, सगळं होतं त्यात. मला तो कागदावर उतरवून घ्यायचा होता, पण मेंढरं पुढं गेली आणि ते उठले.

गुड्डापूरला दानम्मादेवीचं दर्शन घेतलं. इथून पुढं पाट्या मराठी आणि कानांवर कानडी. जतची कितीतरी गावं घरात कानडी बोलतात आणि शाळा-कचेरीत मराठी. २०२२ च्या शेवटी इथल्या काही गावांनी कर्नाटकात जाण्याची भाषा पुन्हा केली आणि वर्तमानपत्रं भरून गेली. सीमेचा आणि भाषेचा वाद म्हणून आम्ही सांगलीत ते वाचलं. गावात बसल्यावर कळलं की भांडण कृष्णेचं पाणी उचलणाऱ्या म्हैसाळ योजनेच्या पाण्याचं होतं. ज्या मिरजेहून एप्रिल २०१६ मध्ये लातूरला रेल्वेनं पाणी गेलं, ती त्यांच्याच जिल्ह्यात. लातूरला पाणी गेलं याचं कुणाला वाईट वाटलेलं नाही, आपल्याकडं ते कधी येणार, एवढंच ते विचारत होते.

भाकरी नेमक्या कोणत्या गावाहून आल्या ते मला ठाऊक नव्हतं. तीन गावांत विचारलं, तिन्ही गावांनी पाठवल्या होत्या. तिसऱ्या गावात एका ओसरीवर सात-आठ बायका बसल्या होत्या. मी फडकं काढलं. ते हातोहात फिरलं, काठ बघून झाला, कुणी ओळखलं नाही. एक आजी कानडीत काहीतरी म्हणाल्या, त्यांच्या सुनेनं मराठीत सांगितलं: त्या साली आधीचा शाळू आलाच नव्हता, घरात जोंधळा विकतचा होता. घराघरातून पाच-पाच करायच्या ठरल्या आणि टँकरच्या पाण्यानं पीठ मळलं. "लवकर खराब हुईत न्हाईत म्हणून कडक केल्या," ती म्हणाली, "पाण्यातनं यायच्या हुत्या ना."

मला काही बोलता आलं नाही. हळद सगळ्यांनी थोडी थोडी वाटून घेतली. आजी आत गेल्या, आणि "ऊटा माडरी, ऊटा माडरी" म्हणत आम्हाला ताटावर बसवलं. शाळूची भाकरी, वांग्याची भाजी, दही. यंदाचा शाळू घरचा होता.

कवठेमहांकाळजवळ अंधार पडला. बेदाण्याची रिकामी शेड मागं गेली, कालवा मागं गेला. मिरज यायच्या आधी भाचा म्हणाला, "आत्या, मागच्या सीटवरून वास येतोय बघ." ते फडकं आजींनी रिकामं परत दिलं नव्हतं. सुटलेली गाठ मी पुन्हा बांधली. आत सहा भाकरी होत्या, अजून कोमट.